टाइमशेअर घेण्यापूर्वी कोणते तोटे लक्षात घ्यावेत?

प्रश्न:
एका रिसॉर्टच्या टाइमशेअरच्या सादरीकरणात, एकदाच रक्कम भरून दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क मिळेल आणि तो पुढे मुलांकडेही जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले. सवलत मात्र त्याच दिवशी सही केली तरच मिळणार होती, म्हणून आम्ही थांबलो. यातील तोटे जाणकारांनी सांगावेत.

प्रतिसाद १:
मूळ किमतीपेक्षा वार्षिक देखभाल शुल्काचे कलम आधी वाचावे. त्या वर्षी तुम्ही तिकडे फिरकला नाहीत तरी हे शुल्क भरावेच लागते आणि त्यात किती वाढ करायची, हे बहुधा तुमच्या हाती नसते. दरवर्षी केवळ ५ टक्के वाढ धरली, तरी सुमारे १४ वर्षांत ते दुप्पट होते. छताची किंवा लिफ्टची मोठी दुरुस्ती निघाली, की विशेष आकारणी वेगळी. कर्ज काढून घेतले असेल, तर व्याज त्याहून वेगळे. हॉटेलच्या भाड्याशी तुलना करताना विक्रेते नेमके हेच आकडे गाळतात.

प्रतिसाद २:
पॉइंट्सच्या योजनेत, म्हणजे ठरलेल्या आठवड्याऐवजी दरवर्षी मिळणारे पॉइंट्स खर्चून मुक्काम घ्यायचा असतो त्या प्रकारात, आणखी एक मेख असते. शाळांच्या सुट्टीतील आठवड्यांना जास्त पॉइंट्स लागतात आणि ते आठवडे कित्येक महिने आधीच भरून जातात. आरसीआयसारख्या अदलाबदल संस्थांमार्फत आपला मुक्काम देऊन दुसऱ्या रिसॉर्टमध्ये जाता येते हे खरे, पण त्यासाठी सदस्यत्व आणि अदलाबदलीचे शुल्क लागते, शिवाय हवे ते ठिकाण मिळेलच याची हमी नसते.

प्रश्नकर्ता:
नको झाल्यास विकता येईल ना?

प्रतिसाद ३:
खरी अडचण तिथेच आहे. मूळ किमतीचा मोठा भाग विपणन आणि दलालीत गेलेला असतो, त्यामुळे पुनर्विक्रीत फारच थोडे हाती येते. कित्येकदा फुकट देऊ केले तरी घेणारा मिळत नाही, कारण त्याच्या गळ्यात देखभाल शुल्क पडणार असते. ‘ग्राहक तयार आहे, आधी शुल्क भरा’ असे सांगणारे फोन या अगतिकतेवरच चालतात. करार ठरावीक वर्षांचा आहे की कायमचा, हेही तपासावे, कारण मुलांकडे हक्काबरोबर शुल्काची जबाबदारीही जाऊ शकते. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. तुमच्या करारात माघारीची मुदत किती आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.