मुलगा वडिलांकडे राहायला आला. पोटगीचा आदेश कसा बदलायचा?

प्रश्न: ठाणे फॅमिली कोर्टाचा सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२५ खालचा पोटगीचा आदेश आहे: पत्नीला ८,०००, मुलाला ६,०००. जूनपासून मुलगा वडिलांकडे, शाळाही घोडबंदर रोडची. ६,००० थांबवले तर चालेल?

उत्तर १: परस्पर थांबवू नका. आदेश बदलेपर्यंत थकबाकी साचते आणि वसुलीचं वॉरंट निघू शकतं. त्याच कोर्टात बदलाचा अर्ज टाका. पूर्वीचं सीआरपीसीचं कलम १२७, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४६. सोबत आदेशाची सर्टिफाईड कॉपी, शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या. शाळेच्या रेकॉर्डला आईचाच पत्ता राहिला असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर समोरचे वकील तेवढंच धरून बसतात. पत्नीचे ८,००० यात आपोआप कमी होत नाहीत.

उत्तर २: दोघांच्या उत्पन्न-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट लागेल (सुप्रीम कोर्टाचा निकाल, रजनेश विरुद्ध नेहा, २०२०). पगाराच्या स्लिपा आताच काढा. उशीर केलात तर मागच्या महिन्यांची सूट मिळेलच असं नाही.

उत्तर ३: रक्कम घटस्फोटाच्या डिक्रीत असेल तर मार्ग वेगळा, हिंदू विवाह कायद्याचं कलम २६. कस्टडी कागदावर आईकडेच असेल तर तीही बदलून मागा. नुसती पोटगी बदलायला गेलात की पहिला प्रश्न तोच येतो. आई राजी असेल तर कन्सेंट टर्म्स (तडजोडीच्या लेखी अटी) दोघांच्या सहीने कोर्टात दाखल करा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ठीक आहे’ने आदेश बदलत नाही.