पहिल्या महायुद्धातली विमानं: मूळ कापड ठेवायचं की उतरवायचं?

आभाळवाट:
कॅनडात, क्विबेकमधल्या नोल्टनच्या संग्रहालयात जर्मन लढाऊ विमान फोकर डी-७ अजून मूळ छापील कापडात उभं आहे, तेच बहुकोनी रंगीत ठिपक्यांचं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या फ्रेंच बनावटीच्या स्पॅड-१३ ‘स्मिथ फोर’वर मात्र १९८०च्या दशकात नवं कापड चढवलं. दोन्ही विमानं तेवढीच मोलाची. मग हा निर्णय कशावर घेतात? आणि मूळ ठेवायचं तर करावं काय लागतं?

ताणतार:
कापडात ताकद किती उरली आहे, यावर. लिननवर सेल्युलोज डोपचे (कापड ताणून घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या लेपाचे) चार-पाच हात दिलेले असतात. डोप वाळताना आकसतो आणि कापड ढोलकीसारखं ताणून धरतो. तो ताण पुढे वर्षानुवर्षं राहतो. त्यातला नायट्रेट प्रकारचा डोप जुना होताना आम्लही सोडतो. आम्ल आणि अतिनील किरण मिळून धागा ठिसूळ करतात. आतल्या शिवणीतला एखादा सुटा धागा दुमडून बघतात. दुमडताच मोडला, तर ते कापड स्वतःचा ताणही फार काळ सोसणार नाही.

ब्रिटिश विमानांवरचा पीसी-१० रंग (लोह ऑक्साइड आणि काजळी) ऊन अडवण्यासाठीच होता. जर्मन छापील कापडावर बहुधा नुसता पारदर्शक डोप, म्हणून उजेड थेट रंगांपर्यंत पोचतो. नोल्टनचं कापड मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. ११ नोव्हेंबर १९१८च्या युद्धबंदीच्या अटींत दोस्त राष्ट्रांनी डी-७चं नाव घालून ही विमानं मागितली होती, तरी मूळ कापडातली फार थोडी उरली.

जुनीशिवण:
ठेवायचं ठरलं तर आधी उजेड. ५० लक्सच्या आत, अतिनील प्रमाण दर ल्युमेनला ७५ मायक्रोवॅटच्या खाली. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, पण आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक: दमट हवेत कापड सैल पडतं, कोरड्या हवेत आवळतं, आणि फाटायला सुरुवात पंखातल्या फासळ्यांच्या कडेला होते. नायट्रेट डोप झपाट्याने पेटतो, तेव्हा जवळ तापणारे दिवे नकोत.

फाटलेल्या जागी नव्या डोपचं ठिगळ लावू नका. ते वाळताना आकसतं, शेजारचं जुनं कापड ओढतं आणि कडेने नवी चीर जाते. आतून पातळ पॉलिएस्टरचा आधार द्या, चिकटवायला पुन्हा सोडवता येईल असा बेव्हा ३७१सारखा गोंद. तो साधारण ६५ अंशांना धरतो, म्हणून इस्त्रीचं तापमान मोजूनच.

रोटरी इंजिनाच्या (ज्यात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच फिरतं) विमानांत एरंडेलाचा त्रास वेगळा. पेट्रोल क्रँककेसमधूनच (इंजिनाच्या मधल्या पेटीतूनच) जातं आणि एरंडेल त्यात सहज विरघळत नाही, म्हणून वंगणाला एरंडेल वापरत. ते खालच्या पंखावर उडून मुरतं आणि कडक थर होतो. अल्कोहोलने निघतं, पण अल्कोहोल नायट्रेट डोपही मऊ करतं. कडेला, नजरेआड, कापसाच्या बोळ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ताणतार:
स्मिथ फोरचं कापड पारच खराब झालं होतं, तिथे दुसरा मार्ग नव्हता. कापड उतरवल्यावर सरसाचे सांधे, तारा, खिळे उघडे तपासता येतात, हा फायदा खरा. पण नोंद आधी: प्रत्येक ठिगळाचा फोटो, माप, जागा. त्या विमानावर गोळ्यांची भोकं बुजवलेल्या ठिगळांवर छोटे जर्मन क्रॉस रंगवलेले होते. मोजमाप न करता कापड फाडलं असतं तर ती माहिती गेलीच असती. उतरवलेलं कापड सपाट, आम्लरहित कागदात ठेवावं. घड्या घातल्या की डोप तडकतो.

आभाळवाट:
आणि दिल्लीच्या पालम संग्रहालयातली वेस्टलँड वापिती, महायुद्धानंतरचं पण कापडाचंच ब्रिटिश विमान? १ एप्रिल १९३३ला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी कराचीत उभी राहिली ती चार वापितींवर.

जुनीशिवण:
वापितीच्या नंतरच्या आवृत्त्यांचा सांगाडा धातूचा, त्यामुळे कापड शाबूत दिसलं तरी आत गंज असू शकतो. पोलाद आणि ड्युरालुमिन (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) जिथे एकमेकांना टेकतात तिथे तो आधी धरतो. अशा विमानात पाणी निथळायची भोकं मोकळी आहेत ना हे बघायचं आणि त्यांतूनच बोरोस्कोप (आत डोकावायची बारीक दुर्बिणीसारखी नळी) आत घालायचा. कापड कापावं लागत नाही. पावसाळा संपल्यावर एकदा आणि हिवाळ्यात एकदा.