मदत हवी आहे: आमच्या ॲपमधलं बटन लोकांना बटन वाटतच नाही

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहायलोय. इथल्या मोंढ्यातल्या काही आडत दुकानांसाठी एक छोटं अँड्रॉइड ॲप करायलोय, म्हणजे शेतकऱ्यानं सोयाबीन, तूर जे काय घातलं त्याची पट्टी त्याला मोबाईलवर दिसावी, वजन किती भरलं, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, उचल किती वळती केली, बस एवढंच. कोड माझा, डिझाईन पुण्यातल्या एका मित्राचं. दिसायला एक नंबर आहे, पांढरंशुभ्र, मोकळं मोकळं, त्यात वाद नाही.

पण दुकानात कुणाच्या हातात दिलं की घोडं अडतंय. वर "आजचा भाव" दाखवणारी हिरवी चौकट आहे, गोल कोपरे, खाली हलकी सावली. जो येतो तो तीच दाबायलाय, दोनदा तीनदा दाबायलाय, आणि ती दाबायची चीजच नाही, नुसती माहिती आहे. खरं दाबायचं ते "पट्टी पहा", ते खाली फिक्या राखाडी अक्षरात, ना चौकट ना रंग, दुपारच्या उन्हात तर ते दिसतच नाही. आणि हरकत नोंदवायची तर पट्टीची ओळ डावीकडं सरकवायची! हे कुणाला आपोआप सुचणार? एका काकांनी तर सरळच विचारलं, "बाळा, ह्यातलं दाबायचं कोणतं अन् नुस्तं वाचायचं कोणतं?"

मित्र म्हणतो सुरुवातीला चार स्क्रीनचं ट्युटोरियल टाकू. अरे पण ते वाचतं कोण, सगळे भराभर पुढं ढकलतात, बाहेर टेम्पो उभा असताना कुणाला शिकवणी पाहिजे. मी जरा शोधलं तर डिझाईनवर पुस्तकं लिहिणारे डॉन नॉर्मन कित्येक वर्षांपासून हेच मांडायलेत, की एखादी गोष्ट करता येणं वेगळं आणि ती करता येते हे दिसणं वेगळं. टचस्क्रीनवर बोट तर कुठंही टेकवता येतं, मग कुठं टेकवायचं ते डोळ्यालाच कळायला पाहिजे ना. यावर मित्राचं ठरलेलं उत्तर, "ॲपलनं पण २०१३ ला आयफोनच्या आयओएस ७ मधे बटनांच्या चौकटी काढल्याच की." काढल्या, पण लगेच ७.१ मधे बटनांना परत आकार दाखवणारी "बटन शेप्स" ही सेटिंग द्यावी लागली ते हा सांगत नाही.

तर जाणकारांनी सांगा, पट्टीच्या ओळीला बाण पुरेल का ठसठशीत बटनच करू? सरकवायचं काढूनच टाकू का? आणि त्याला पटवू कसं, भांडण नकोय, पोरगा चांगला आहे.

काळी_माती (नांदेड)
पहिलं त्या हिरव्या चौकटीची सावली अन् गोल कोपरे काढा, तो रंग फक्त दाबायच्या गोष्टीला ठेवा. "पट्टी पहा" भरीव हिरवं करा, दाबायची जागा कमीत कमी ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) उंच, गूगलच्या मटेरियल डिझाईन ह्या डिझाईनच्या नियमात तेवढंच सांगितलंय. अक्षराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर अन् मागचा रंग ह्यातला उजेडाचा फरक, ४.५:१ च्या खाली नको, वेबच्या ॲक्सेसिबिलिटी (सगळ्यांना वापरता यावं ह्यासाठीच्या) नियमातला आकडा आहे, मोंढ्यातल्या उन्हात तर जास्तच लागतो. सरकवायचं राहू द्या, आडतीवरच्या मुनीमजींना सवय झाली की कामाला येईल, पण तेच काम पट्टी उघडल्यावर "हरकत आहे" अशा साध्या बटनानं पण झालं पाहिजे.

गोदाकाठ
वरच्यांशी सहमत, फक्त सगळ्यालाच बटन करत सुटू नका, एका स्क्रीनवर भरीव बटन एकच. आणि दाबल्यावर काय होतंय? रेंज नसली की पट्टी उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस दाबून दाबून हैराण. बोट लागलं की लगेच रंग बदलू द्या, खाली "पट्टी उघडत आहे" येऊ द्या. मित्राला पटवायला वाद घालू नका, स्क्रीनचे प्रिंट काढा, दुकानात येणाऱ्याला पेन देऊन म्हणा "जे दाबावं वाटतंय त्याला गोल करा", मधे एक शब्द बोलायचा नाही. ते कागद पुण्याला पाठवा.

मूळ धागाकर्ता
प्रिंटची आयड्या लई भारी, उद्याच काढतो. अजून एक, मोबाईल नंबर पूर्ण टाकेपर्यंत "पाठवा" बटन राखाडी ठेवलंय, लोकांना वाटायलंय ॲप बिघडलं.

गोदाकाठ
मग चालूच ठेवा की. दाबलं की नंबरच्या खाली लाल अक्षरात "१० अंक पाहिजेत, ९ च आहेत" असं सांगा. अन् ते "मोबाईल नंबर" रकान्याच्या आत फिकं लिहिलं असेल तर बाहेर वर घ्या, टायपायला लागलं की पुसलं जातं, मग काय भरायचं होतं तेच ध्यानात राहत नाही.