मदत हवी आहे: हीटिंगचं बिल आवाक्याबाहेर गेलंय

कुडकुडी:
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. लाईटचं बिल ६४० आलंय आणि सोमवारपर्यंत भरा नाहीतर वसुलीवाल्यांकडे देऊ असं पत्र आलंय, आणि एवढं बिल येऊनही घर थंडगारच, आम्ही तिघी जॅकेट घालून झोपतो. घरी सांगायची सोय नाही, बाबा लगेच एफडी मोडतील. इथे हीटिंगसाठी सरकारी मदत मिळते म्हणे, कुणी घेतलीये का? फॉर्म कुठे मिळतो? प्लीज लवकर सांगा.

एडिसनकर:
२११ ला फोन लावा. लायहीप म्हणून योजना आहे, पैसा केंद्राचा पण वाटप राज्यं करतात, त्यामुळे फॉर्म प्रत्येक राज्याचा वेगळा. आमच्या न्यू जर्सीत तर १५ नोव्हेंबर ते १५ मार्च पात्र घरांची वीज तोडताच येत नाही. तुमचं राज्य कुठलं?

खवट_मावशी:
६४० काय? रुपये का डॉलर? "इथे" म्हणजे कुठे ते आम्ही स्वप्नात बघायचं का?

कुडकुडी:
अहो पाऊंड! लीड्स.

एडिसनकर:
घ्या. माझं टायपिंग फुकट.

पुणेरी_सौर:
मी छतावर ३ किलोवॅट बसवलं, पीएम सूर्य घरमधून ७८,००० सबसिडी मिळाली, आता बिल नाममात्र. घरमालकाशी बोलून बघा.

यॉर्कशायरी:
सौरभाऊ, लीड्सला डिसेंबरात साडेतीन-पावणेचारला दिवे लागतात, जाऊ द्या.
कुडकुडी, गॅस आहे का सगळं विजेवर? हीटर कसले? बिलात रीडिंगपुढे ई आहे का? खातं कुणाच्या नावावर? व्हिसा कुठला?

कुडकुडी:
गॅस नाहीये. भिंतीला जाडजूड पांढरे डबे आहेत, वरच्या झाकणाखाली दोन बटणं, एकावरचे आकडे पुसलेत. संध्याकाळी कॉलेजातून येतो तर गार पडलेले असतात मग लगेच ऊब मिळावी म्हणून बूस्ट लावतो. हो, ई आहे. खातं माझ्या नावावर, तिघींचा स्टुडंट व्हिसा. पण मी मदतीचं विचारलं होतं, हीटरचं नाही.

यॉर्कशायरी:
बिल त्या डब्यांमुळेच फुगलंय गं. ते स्टोरेज हीटर. आत विटा असतात, रात्री स्वस्त दराच्या सात तासांत तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. इनपुट म्हणजे रात्री किती साठवायचं, आउटपुट म्हणजे किती सोडायचं. झोपताना आउटपुट बंद करायचं, संध्याकाळी उघडायचं. तुमचं ते रात्रभर उघडं राहत असणार, सगळी ऊब तुम्ही घरी यायच्या आत संपते, आणि बूस्ट चालतो दिवसाच्या महाग दराने. आणि ई म्हणजे अंदाजे बिल. मीटरवर दोन आकडे दिसतील, दिवसाचा नि रात्रीचा, दोन्हीचा फोटो काढून कंपनीला पाठव. कधीकधी त्यांच्याकडे दोन्ही उलटे लागलेले असतात.

बचत_सम्राट:
एवढा अभ्यास कशाला, कंपनी बदला. मी दरवर्षी बदलतो.

यॉर्कशायरी:
थकबाकी २८ दिवसांच्या वर गेली की जुनी कंपनी बदल अडवू शकते. नसते सल्ले देऊ नका.

बचत_सम्राट:
माझं तर कधी अडलं नाही.

यॉर्कशायरी:
तुमची थकबाकी नव्हती म्हणून!

लंडनची_सून:
भांडा नंतर. कुडकुडी, सरकारी मदतीचं म्हणशील तर वॉर्म होम डिस्काउंट १५० पाऊंडांचा आहे पण तो बेनिफिट्स म्हणजे सरकारी भत्ते घेणाऱ्यांना, आणि स्टुडंट व्हिसावर असे पब्लिक फंड, म्हणजे सरकारी मदतीचे पैसे, चालत नाहीत, तेव्हा काउन्सिलचा कुठलाही फॉर्म विचारल्याशिवाय भरू नकोस. युनिव्हर्सिटीचा हार्डशिप फंड (अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी) वेगळा, तो पब्लिक फंडात धरत नाहीत, स्टुडंट युनियनच्या सल्ला केंद्रात जा, बँक स्टेटमेंट मागतील. ब्रिटिश गॅस एनर्जी ट्रस्ट दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाही थकबाकीसाठी मदत देतो, मात्र अर्ज मधेच बंद होतात, चालू आहेत का बघ. आणि सोमवारची वाट न बघता कंपनीला कळव की एकदम भरणं शक्य नाही, परवडेल असा हप्ता द्या. ऑफजेम म्हणजे इथली वीज-गॅस नियामक संस्था, तिच्या नियमाने तुझी ऐपत बघूनच हप्ता ठरवावा लागतो. नाही ऐकलं तर सिटिझन्स ॲडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था फुकट आहे, कंपनीकडची तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समन म्हणजे तक्रार निवारण करणाऱ्यांकडे जा.

खवट_मावशी:
हे सगळं कराच पण लोकरीचे मोजे घाला. आणि आईला डिंकाचे लाडू पाठवायला सांगा.

एडिसनकर:
मावशी, लाडवांच्या कुरियरला बिलापेक्षा जास्त पडतील.

खवट_मावशी:
तुम्ही न्यू जर्सीचं बघा.

कुडकुडी:
थँक्यू ताई. कंपनीशी चॅटवर बोलले, आधी रीडिंग द्या मग हप्त्याचं बघू म्हणाले. मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे आणि किल्ली एजंटकडे, तो फोन उचलत नाही. बाकीच्या दोघी म्हणतात आम्ही बूस्ट लावलाच नाही, आमचा हिस्सा कमी कर.

लंडनची_सून:
खातं तुझ्या एकटीच्या नावावर आहे, कंपनी तुलाच धरणार. तिघींची नावं घालून घे, हिस्स्याचं मग आपापसात बघा. आणि एजंटला फोन नको, मेल टाक, किल्ली मागितल्याची तारीख त्यात राहते. तोच मेल कंपनीलाही पुढे पाठव म्हणजे रीडिंग का अडलंय ते त्यांना कळेल.

पुणेरी_सौर:
बाल्कनी दक्षिणेला आहे का?