विषय: संक्रांतीचं पत्रक, मिठाई की गोडाचं?

नमस्कार मंडळी,
पत्रकात 'प्रत्येक घरातून एक मिठाई आणावी' असं आहे. मी शेंगापोळ्या आणणार आहे, त्या चालतील ना? आणि लेकाने विचारलंय की मिठाईत मीठ कुठून आलं. सोलापूरच्या काकूंनी कृपया लिहावं.

---

मुली, शेंगापोळ्या आणच. पण त्यांना मिठाई म्हणू नकोस गं.

आमच्या सोलापुरात मिठाई दुकानातून येते. पेढे, बर्फी, खोक्यात बांधून. घरी होतं ते गोड. सणाला शेजारीण विचारते, 'गोड काय केलंय?' मग ती शेंगापोळी असो की गव्हाची हुग्गी. इथल्या कानडी आणि तेलुगू घरांतही मिठाई हा शब्द आहेच, म्हणून बाजारात तो सगळ्यांना पुरतो. चुलीपाशी मात्र प्रत्येकाचे शब्द वेगळे. आमची पोळी शेजारच्या कानडी घरात होळगी होते.

लेकाला शाबासकी दे. मिठाई आपल्याकडे हिंदीतून आली, 'मीठा'वरून. त्याचं मूळ संस्कृत 'मिष्ट', आणि आपलं मीठही त्याच कुळातलं. मिष्ट म्हणजे रुचकर. हिंदीत ती रुची साखरेची झाली, मराठीत खारट चवीची. गुजरातीत तर 'मीठुं' म्हणजे गोडही आणि मीठही!

आणि 'गोड'? गूळ आणि गोड दोन्ही संस्कृत 'गुड'चे. पण हा शब्द गुळापाशी थांबला नाही. गोड्या वरणात गूळ नसला तरी ते गोडंच, कारण त्यात तिखट-आंबट नाही. गोडं तेल, विहिरीचं गोडं पाणी, गोड गळा, कुठे कुठे गेलाय बघ! एवढा ऐसपैस शब्द घरात असताना पत्रकात मिठाई का? तुमची परदेशात वाढणारी मुलं तेच पत्रक वाचून मराठी शिकतात. 'घरी केलेलं गोड आणावं' असं लिहा, माझी मनापासून विनंती आहे.
– काकू, बाळीवेस

---

काकू, आम्ही सोलापूरच्याच पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलतो. आमच्याकडेही मिठाई म्हणजे दुकानचीच. पण संक्रांतीचा हलवा? शब्द अरबी, अर्थ तिथेही गोडच, आणि आई तो घरी तिळावर पाक चढवत करायची.

---

मंद आचेवर तासन् तास बसून केलेला काटेरी हलवा गोडातच धरायचा. दुकानातून आणलात तर मिठाईच्या ताटात ठेवा. पत्रक आज दुरुस्त करून पाठवा, म्हणजे लोकांना शेंगदाणे भाजायला वेळ मिळेल.
– काकू