मदत हवी आहे: ले-ऑफ, टाळेबंदी की कामगार कपात? पत्र उद्याच द्यायचं आहे

बी_शिफ्ट_बुटीबोरी
भाऊ, लवकर सांगा. गेटवर नोटीस लागली, सोमवारपासून असेंब्लीला ‘ले-ऑफ’. आमचे सेक्रेटरी म्हणतात पत्रात ‘बेकायदेशीर टाळेबंदी’ लिहा, खजिनदार म्हणतात ‘कपात’. एचआर म्हणतो तुमची युनियन रजिस्टर्ड आहे, मान्यताप्राप्त नाही, पत्र घेणारच नाही. उद्या सकाळी लेबर ऑफिसला द्यायचं आहे. नेमकं काय लिहू?

हिंगणा_टी_पॉइंट
कामगार किती? परमनंट किती, ठेक्याचे किती? नोटिशीत कारण काय दिलंय?

बी_शिफ्ट_बुटीबोरी
परमनंट १४०, बाकी ठेक्याचे. कारण काय, नेहमीचंच. शब्द सांगा ना.

मस्टर_रोल
कारणावरच सगळं अडतं राजेहो. ले-ऑफमध्ये नाव मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर राहतं, पण काम देता येत नाही: कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बिघडलं, तयार माल साचला. टाळेबंदीत काम असतं, पण वादात दबाव आणायला मालक गेट बंद करतो. कपात म्हणजे नाव मस्टरवरून गेलं. तिथे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. खजिनदारांना सांगा, कपात तुम्हीच कशाला लिहून देता?
ले-ऑफची भरपाई बेसिक अधिक डीएच्या ५० टक्के. वर्षभराची सलग नोकरी हवी, बदली कामगाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणाऱ्याला, नाही. दिवसातून एकदा ठरल्या वेळी गेटवर हजेरी लावायची. इथेच लोक घरी बसतात आणि पैसे जातात. हजेरीनंतर दोन तासांत काम दिलं नाही तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरतात. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात बोलावून काम दिलं तर अर्ध्याच दिवसाचा.

लाल_बावटा
१४० म्हणजे शंभरच्या वर. सरकारची परवानगी घेतल्याशिवाय ले-ऑफ देताच येत नाही! तेच लिहा, बाकी काही नको.

मस्टर_रोल
ती १०० ची मर्यादा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, त्यात ही मर्यादा ३०० कामगारांची. जुनं कलम टाकलं तर एचआर पहिल्याच बैठकीत हसेल.

लाल_बावटा
मग युनियनच्या मान्यतेला ५१ टक्के सभासद लागतात हेही सांगा की.

हिंगणा_टी_पॉइंट
५१ टक्के संहितेतल्या, मालकाशी वाटाघाटी करणाऱ्या एकमेव संघटनेसाठी. आपल्या राज्याच्या युनियन मान्यतेच्या १९७१ च्या कायद्यात आधीचे सहा महिने किमान ३० टक्के सभासद आणि औद्योगिक न्यायालयाचं प्रमाणपत्र. संहितेने जे तीन कायदे रद्द केले त्यात तो नाही.

लाल_बावटा
केंद्राचा कायदा वर असतो, भाऊ.

हिंगणा_टी_पॉइंट
ते कोर्टात भांडा. धागाकर्त्याचं पत्र उद्या आहे, आणि लेबर ऑफिसला पत्र द्यायला मान्यता लागत नाही.

संत्रा_मार्केट
युनियनचा विषय निघालाच आहे तर, १९२९ मध्ये आयटक या देशपातळीवरच्या कामगार महासंघाचं अधिवेशन आपल्या नागपुरातच झालं होतं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथेच फूट पडली आणि ना. म. जोशींचा गट बाहेर गेला.

ओव्हरटाइम
ग्रॅच्युइटीचं सूत्र लिहून ठेवा: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं.

मस्टर_रोल
ग्रॅच्युइटी कोणी विचारली बाप्पा? @बी_शिफ्ट, नोटिशीतलं कारण जसंच्या तसं टाइप करा.

बी_शिफ्ट_बुटीबोरी
“पेंट शॉपमधील मंदगती कामामुळे असेंब्ली विभागास ले-ऑफ.” मागणीपत्रावर बैठक देत नाहीत म्हणून पेंट शॉपमध्ये परवापासून टूल डाऊन, म्हणजे जागेवर बसून काम बंद, आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत ते टाकलंय.

मस्टर_रोल
मग हे आधी काऊन नाही सांगितलं! त्याच कारखान्याच्या दुसऱ्या विभागातल्या संपामुळे किंवा मंदगती कामामुळे ले-ऑफ झाला तर भरपाई मिळत नाही. कंपनीने ते वाक्य उगाच लिहिलेलं नाही, आणि तुमच्या पत्राची पहिली ओळ त्यांचाच पुरावा आहे. टूल डाऊन हा संपच. त्याला १४ दिवसांची नोटीस लागते, संहितेतही आणि राज्याच्या कायद्यातही. नोटीस न देता दहा किंवा जास्त जण ठरवून काम थांबवत असतील तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतात. जागेवर बसून काम नाकारणंही गैरहजेरीच धरतात.

लाल_बावटा
म्हणजे शरण जा म्हणता?

मस्टर_रोल
नोटीस देऊन लढा म्हणतो. आज रात्रीच्या पाळीपासून पेंट शॉप पूर्ण उत्पादनावर आणा, आकडे लिहून ठेवा. पत्रात लिहा: अमुक तारखेपासून काम सुरळीत आहे, ले-ऑफचं कारण उरलेलं नाही, असेंब्लीचे कामगार रोज हजर राहतील, लेबर ऑफिसच्या समेट अधिकाऱ्यांनी (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्यांनी) मागणीपत्रासह बैठक लावावी. गेट तरीही उघडलं नाही तर ‘टाळेबंदी’ शब्दाला वजन येईल, आज नाही.

हिंगणा_टी_पॉइंट
आणि समेटात झालेला करार सभासद नसलेल्यांनाही लागू होतो. एचआरच्या केबिनमध्ये परस्पर सही केलीत तर सही करणाऱ्या पक्षांपुरताच. दुसऱ्या युनियनवाले नंतर तेच उकरतात.

बी_शिफ्ट_बुटीबोरी
पेंट शॉपवाल्यांना फोन लावतो. प्रती किती काढू?

हिंगणा_टी_पॉइंट
तीन. लेबर ऑफिस, कंपनी, तुमची. आवक शिक्का तुमच्या प्रतीवर, तारखेसकट. कंपनीने घेतली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट.

ओव्हरटाइम
ग्रॅच्युइटीला परमनंट कामगाराची पाच वर्षं लागतात, ते राहिलं सांगायचं.