५वी ते ७वीच्या मुलांसाठी कवितांची पुस्तकं सुचवा

खडूफळा
चाळीसगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. ५वी ते ७वी मिळून ३४ मुलं आहेत. एका माजी विद्यार्थ्याने वाचनकोपऱ्यासाठी २,००० रुपये दिलेत आणि मला ते सगळे कवितांवर घालायचे आहेत. अडचण अशी, की पेटीतली पुस्तकं म्हणजे चिऊ-काऊ आणि परीराणीची बालगीतं. ११ वर्षांचा मुलगा ती हातात धरत नाही, "हे बारक्यांचं आहे" म्हणतो. मोठ्यांचा संग्रह दिला तर दोन पानांत मिटून ठेवतो. या अधल्यामधल्या वयाला काय द्यावं? मुलं घरी अहिराणी बोलतात.

जुनी_वही
बाई, आधी विंदा करंदीकर. मुलांसाठी त्यांनी पुष्कळ लिहिलंय, पण सगळंच तुमच्या वर्गाच्या वयाचं नाही. 'एटू लोकांचा देश' आणि 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' ही दोन घ्याच. एकात कल्पनेतला देश, दुसऱ्यात भुतं. या वयाला भुतं हवी असतात, मोठ्यांचे नियम उलटेपालटे झालेले हवे असतात. उपदेश अजिबात नको असतो.

मी मुलांचं वाचनालय सांभाळते. पुस्तक निवडायची माझी रीत सांगते. कुठलंही पान उघडायचं आणि एक कविता मोठ्याने वाचायची. यमकासाठी शब्द कोंबलेला असेल तर जीभ तिथेच अडखळते, मग पुस्तक खाली ठेवायचं. शेवटच्या कडव्यात "म्हणून मुलांनो, झाडे लावा" आलं तरीही ठेवायचं. झाडावर प्रेम बसायला झाडाची चांगली कविता लागते, सूचना नाही.

पागोळी
अहिराणीचं वाचलं आणि राहवलं नाही. बहिणाबाई द्या! त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे, पण तुमच्या मुलांना ती पुस्तकी मराठीपेक्षा जवळची वाटेल. माझ्या पुण्यातल्या भाच्याला ओळीओळीला अर्थ सांगावा लागला. तुमच्याकडे मुलंच तुम्हाला सांगतील. बहिणाबाई असोद्याच्या, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेलं घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवलं, म्हणून ते उरलं. पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. हे मुलांना नक्की सांगा. ज्यांच्या घरात आजीला अक्षरओळख नाही, त्या मुलांना हे फार जवळचं वाटतं.

मात्र सगळा संग्रह एकदम नको. संसारावरच्या कविता राहू देत. सुगरणीचा खोपा, पेरणी, कापणी, इथून सुरुवात करा.

कोरा_कागद
'आठवणीतल्या कविता'चे ४ भाग आहेत, जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कवितांचे. मुलाच्या हातात थेट देऊ नका, बरीचशी भाषा जड आहे. एक भाग तुमच्यासाठी घ्या आणि त्यातली निवडून वाचून दाखवा. केशवकुमारांची, म्हणजे अत्र्यांची, 'आजीचे घड्याळ' ही तर कोड्यासारखी आहे. आजीचं घड्याळ कुणाला दिसत नाही, तरी तिला वेळ बरोबर कळते. अर्धी वाचून थांबा आणि घड्याळ कुठे आहे ते मुलांना शोधू द्या.

पैसे वाचवायचे तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. त्यातल्या २० कविता मुलांच्याच अक्षरात उतरवून घ्या, एक आख्खं पुस्तक फुकटात तयार.

जुनी_वही
एक राहिलंच. आजच्या कवीचंही एक पुस्तक ठेवा. नाहीतर कवी म्हणजे हार घातलेला फोटो, असंच मुलांना वाटत राहतं. एकनाथ आव्हाड यांच्या 'छंद देई आनंद'ला २०२३ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे, तो पाहा. आणि प्रश्नोत्तरं नकोत हो बाई! कविता वाचून झाली की लगेच "यातून काय शिकलात?" विचारू नका.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. विंदांची दोन्ही, बहिणाबाई, आव्हाड आणि 'आठवणीतल्या कविता'चा एक भाग अशी यादी दुकानदाराकडे दिली आहे. पुस्तकं यायची आहेत, तोवर मोबाइलवरून सुगरणीच्या खोप्याची कविता वाचून दाखवली. सातवीतला एक जण उठला. म्हणाला, "बाई, आमच्या विहिरीवर खोपे आहेत. विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. मग बहिणाबाई 'तिनं' का म्हणते?" वर्ग अर्धा तास भांडला. मुली बहिणाबाईच्या बाजूने, कारण आत पिलांसाठी मऊ अंथरूण मादीच घालते म्हणे. उद्या सगळे विहिरीवर बघायला जाणार आहोत. बहिणाबाईंच्या दोन प्रती सांगितल्या आहेत.